वेगाचे ई-चलान आले: दंड भरायचा, दाद मागायची की प्रशिक्षण घ्यायचे? चेन्नईतील मराठी वाहनचालकांसाठी माहिती

मोबाईलवर मेसेज येतो. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक रस्त्यावर तुमच्या गाडीचा वेग मर्यादेपेक्षा जास्त होता, दंड इतका. बहुतेक जण दोन मिनिटांत पैसे भरतात आणि मेसेज विसरून जातात. पावती फाडली की विषय संपला, असेच आपण आजवर ऐकत आलो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे खरे राहिलेले नाही. दंड भरल्यावरही तुमच्या परवान्यावर कारवाई होऊ शकते आणि आज भरलेला दंड पुढच्या वेळी तुमच्याविरुद्ध मोजला जातो. म्हणून पैसे भरण्याआधी हा लेख वाचा, विशेषतः गाडी चालवण्यावर तुमचे पोट असेल तर.

‘कोर्स की पॉइंट’ हा पर्याय इथे आहे का?

लंडनला किंवा स्लाओला नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून हे ऐकले असेल. इंग्लंडमध्ये वेगमर्यादा थोडीशीच ओलांडली असेल आणि गेल्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसेल, तर पोलीस वेगजागृतीचा कोर्स करण्याची संधी देतात. कोर्सची फी स्वतः भरायची, काही तास बसायचे, मग दंडही नाही आणि परवान्यावर पॉइंटही नाहीत. कोर्स नाकारला तर १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की परवाना जाण्याची वेळ येते.

भारतात पॉइंटची पद्धत सर्वांत आधी तेलंगणने आणली. १ ऑगस्ट २०१७ पासून तिथे नियमभंगाच्या प्रकारानुसार पॉइंट देण्याची आणि २४ महिन्यांत १२ पॉइंट झाल्यास परवाना वर्षभरासाठी निलंबित करण्याची तरतूद झाली. तामिळनाडूत अशी पद्धत नाही. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातही पॉइंट नाहीत.

प्रशिक्षण मात्र आपल्या कायद्यात आहे. त्याचे नाव ‘चालक उजळणी प्रशिक्षण’. इंग्लंडमधल्या कोर्समध्ये आणि यात फरक असा की तिथे कोर्स दंडाऐवजी असतो, इथे तो दंडानंतर आणि परवाना निलंबित झाल्यानंतर येतो. ‘मला दंड नको, मी कोर्स करतो’ असे चेन्नईतल्या पोलिसांना सांगून उपयोग नाही. तुमच्या हातात खरी निवड एकच आहे: चलान मान्य करून पैसे भरणे किंवा ते अमान्य करून दाद मागणे.

चेन्नईत किती वेग चालतो

जून २०२३ मध्ये शहरात वेग मोजणाऱ्या रडार गनच्या आधारे ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेवर कारवाई सुरू झाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मोकळ्या रस्त्यावर ४० ही मर्यादा अव्यवहार्य आहे, अशी लोकांची तक्रार होती. ती कारवाई थांबवून मर्यादांचा फेरविचार झाला आणि ४ नोव्हेंबर २०२३ पासून बृहन् चेन्नई वाहतूक पोलिसांनी नव्या मर्यादा लागू केल्या. मोटारीसारख्या हलक्या वाहनांना ताशी ६० किलोमीटर, जड वाहनांना ५०, दुचाकींना ५० आणि ऑटोरिक्षांना ४०. निवासी भागातल्या रस्त्यांवर मात्र सगळ्यांनाच ३०.

फसगत होते ती या शेवटच्या ३० वर. मुख्य रस्त्यावरून आतल्या वस्तीत वळलात की मर्यादा निम्म्यावर येते, आणि पाय अजून ६० च्याच सवयीने ॲक्सिलरेटरवर असतो. दुसरी गोष्ट हद्दीची. जानेवारी २०२२ पासून ताम्बरम आणि आवडी ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालये आहेत. ओएमआरवरून, म्हणजे राजीव गांधी सालैवरून, दक्षिणेकडे जाताना एकाच प्रवासात तुम्ही एका आयुक्तालयातून दुसऱ्यात जाता. त्यामुळे रस्त्याकडेचा फलक हाच तुमचा आधार. फलक फक्त तमिळमध्ये असला तरी घाबरू नका: ‘वेगम्’ हा शब्द ओळखीचाच आहे.

‘तडजोड’ या शब्दाने फसू नका

कायद्याच्या कलम १८३ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वेगाने हलके मोटार वाहन चालवल्यास १,००० ते २,००० रुपये दंड आहे. मध्यम आणि जड वाहनांसाठी तो २,००० ते ४,००० रुपये आहे. न्यायालयात न जाता जागेवर किंवा ऑनलाइन जी रक्कम भरली जाते ती कलम २०० खाली येते. तिचे दर राज्य सरकार ठरवते, आणि तामिळनाडूने ऑक्टोबर २०२२ मध्ये नवे दर लागू केले.

या रकमेला मराठीत ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. शासकीय मजकुरात हा शब्द रुळलेला असल्याने तोच वापरावा लागतो, पण तो दिशाभूल करतो असे माझे मत आहे. तडजोड म्हटले की दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतले आणि प्रकरण मिटले, असे वाटते. कलम २०० मध्ये २०१९ साली जोडलेली परंतुके वाचली की कळते, इथे मागे पाऊल एकाचेच आहे. एक परंतुक सांगते की तडजोड झाली तरी, पुढे तोच गुन्हा पुन्हा घडला तर आधीचा गुन्हा घडलेलाच धरला जाईल. दुसरे सांगते की तडजोड केल्याने परवान्यावरच्या कारवाईतून सुटका होत नाही आणि उजळणी प्रशिक्षणाची किंवा समाजसेवेची जबाबदारी लागू असेल तर तीही टळत नाही.

तमिळमध्ये दंडाला ‘अपरादम्’ म्हणतात. आपण ज्याला अपराध म्हणतो तोच हा शब्द, तिथे दंडाच्या अर्थाने स्थिरावलेला. वेगाच्या चलानाच्या बाबतीत तमिळ शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इथे दंड भरणे म्हणजे अपराध आपल्या नावावर घेणे.

त्याचा परिणाम दुसऱ्या वेळी दिसतो. पहिल्या वेळी दंडावर भागण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर वेगमर्यादा ओलांडल्यास दंडाबरोबर परवाना जप्त करण्याचीही तरतूद कलम १८३ मध्येच आहे. ‘पहिल्यांदाच आहे, परवान्याला काही होत नाही’ असेही गृहीत धरू नका. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तिच्यातून २०१४ मध्ये रस्ता सुरक्षेवरची समिती नेमली गेली. या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान करून गाडी चालवणे, गाडी चालवताना मोबाईलवर बोलणे अशा गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या वेळेचा भेद नाही.

परवाना कोण घेतो आणि कोण निलंबित करतो

ही दोन वेगळी कामे आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. रस्त्यावरचा अधिकारप्राप्त पोलीस अधिकारी कलम २०६(४) खाली परवाना ताब्यात घेऊ शकतो. त्याने तो परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आरटीओकडे, पाठवायचा असतो. निलंबनाचा किंवा रद्द करण्याचा निर्णय प्राधिकरणाचा. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानेही हाच मुद्दा स्पष्ट केला: पोलीस परवाना जप्त करू शकतात, निलंबित करू शकत नाहीत.

परवाना घेतल्यावर पोलिसांनी तात्पुरती पोच द्यायलाच हवी. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. पण त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे, तरी ‘पोच आहे ना, चालेल’ असा समज अजून पक्का आहे. परवाना परत मिळेपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवायची. निलंबनाचा आदेश झाल्यावरही गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हजार रुपयांचे प्रकरण इथवर पोहोचायला एक निष्काळजी आठवडा पुरतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्राधिकरणाने निर्णय घेण्याआधी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे कलम १९(१अ) सांगते. तुमचे ऐकून प्राधिकरण तुम्हाला मोकळेही करू शकते. मोकळे केले नाही तर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकते, आणि दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द करू शकते. आदेशात सविस्तर कारणे लेखी द्यावी लागतात. म्हणजे ‘सोडायचे की तीन महिने बंद करायचे’ हे खरोखर त्या सुनावणीत ठरते, आणि लोक नेमके तिथेच जात नाहीत. चलान भरले आहे, आता कशाला जायचे, असे वाटून नोटीस टेबलावर पडून राहते.

जा. जाता येत नसेल तर लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. वेग मर्यादेपेक्षा किती जास्त होता, याआधी एकही चलान नाही, गाडी चालवणे हाच उपजीविकेचा मार्ग आहे, रुग्णाला घेऊन जात होतो: जे खरे असेल ते कागदासकट मांडा. रुग्णालयाचा त्या दिवशीचा कागद तोंडी विनवणीपेक्षा जास्त बोलतो. आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. कोणाकडे करायचे हे आदेशात नसेल तर त्याच कार्यालयात लेखी विचारा.

प्रशिक्षण घ्यायचे ते कुठे आणि कशासाठी

निलंबनाचा काळ संपला की परवाना आपोआप घरी येत नाही. उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावर तो परत मिळतो. प्रशिक्षण कायद्याच्या कलम १२ खाली परवानाधारक असलेल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थेत घ्यावे लागते. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे स्वतंत्र नियमही लागू आहेत आणि अशा केंद्रांत उजळणीचे अभ्यासक्रम असतात. घराजवळच्या कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र चालेलच असे नाही. फी भरण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात त्या केंद्राचे नाव सांगून खात्री करा. प्रशिक्षण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, नाहीतर निलंबन संपूनही परवाना हातात नाही अशी स्थिती होते.

राज्ये यात भर घालू शकतात. जुलै २०२२ मध्ये पंजाबने अतिवेगासाठी दंड आणि निलंबनाबरोबर उजळणी प्रशिक्षण सक्तीचे केले. शिवाय शाळेतल्या किमान २० मुलांना वाहतुकीचे नियम दोन तास शिकवायचे, आणि रुग्णालयात सेवा करायची किंवा रक्तदान करायचे, असेही ठरवले. चेन्नईहून सुट्टीला अमृतसरला गाडीने जाणारे थोडेच, पण ‘समाजसेवेची जबाबदारी’ हे शब्द कायद्यात कशासाठी आहेत ते यावरून कळावे.

भरायचे की दाद मागायची

तुमची खाजगी मोटार आहे, चालवत तुम्हीच होता, फोटोत नंबर स्पष्ट आहे आणि वेग खरोखर जास्त होता, तर भरा. दाद मागण्यात वेळ जाईल आणि निकाल बहुधा तोच लागेल. घाईत होतो किंवा रस्ता मोकळा होता, ही कारणे न्यायालयात चालत नाहीत.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर पैसे भरू नका, आधी तपासा. फोटोतली गाडी तुमची नाही, एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे. गाडी विकून झाली आहे पण कागद अजून तुमच्या नावावर आहेत. चलानात वाहनाचा प्रकार चुकला आहे: मोटारीला ऑटोची ४० ची मर्यादा लावली गेली तर ५५ हा वेग गुन्हा ठरतो, एरवी नाही. वेग मोजणारे उपकरण कुठले हेच दिसत नाही. या शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. ‘मला गाडी फार जोरात वाटली’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कलम १८३ खाली दोषी ठरवता येत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले असावे लागते.

कॅमेऱ्यांसाठी ऑगस्ट २०२१ पासून केंद्रीय नियम १६७अ आहे. उपकरणाला राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी सूचनाफलक हवा. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवली गेली पाहिजे, आणि चलानात गाडीचा व नंबरपाटीचा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असले पाहिजे. याखेरीज कलम २०९ नुसार, वेगाच्या गुन्ह्यात जागेवर इशारा दिला नसेल तर १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स लागते. यात एक पळवाट आहे आणि ती तुमच्या विरुद्ध जाते: तुमचा पत्ता जुना असल्यामुळे नोटीस पोहोचली नसेल तर या मुदतीचा फायदा मिळत नाही.

न भरलेले चलान पुढे न्यायालयात जाते. तामिळनाडूत वाहतुकीच्या प्रकरणांसाठी वर्च्युअल कोर्ट आहे. तिथे चलान क्रमांक टाकला की दोन पर्याय दिसतात, दंड भरण्याचा आणि प्रकरण लढवण्याचा. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते आणि मग प्रत्यक्ष तारखा पडतात. हरलात तर कलम १८३ च्या मर्यादेत जास्त दंडही होऊ शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालील व्यक्ती त्यास पात्र आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

गाडी एकाची, चालवणारा दुसरा

कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, चालक कोण ते कळत नाही. म्हणून चलान मालकाला जाते. चालक कोण होता ही माहिती पोलिसांनी मागितली तर ती देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे.

समजा एक जण ओएमआरवर एका ठेकेदाराची कॅब चालवतो. मार्चमध्ये मालकाच्या मोबाईलवर वेगाचे चलान येते, मालक ते भरून टाकतो आणि पगारातून हजार रुपये कापतो. चालक म्हणून कोणाचा परवाना नोंदवला गेला, हे त्या माणसाला कोणी सांगतच नाही. ऑगस्टमध्ये रडार गन घेऊन उभे असलेले पोलीस त्याला थांबवतात आणि त्याच्या नावावर आधीचा गुन्हा निघतो. आता परवाना पोलिसांकडे, हातात पोच, आणि गाडी चालवता येत नाही. तीन महिन्यांचा पगार गेला तो मार्चमधल्या हजार रुपयांमुळे. तुम्ही नोकरीवर गाडी चालवत असाल तर पगारातून चलान कापले जाईल तेव्हा चलानाची प्रत मागा. मालकांनीही लक्षात घ्यावे की आपल्या नियंत्रणाखालील चालकाला जास्त वेगाने गाडी चालवायला लावणारा कलम १८३ खाली स्वतःही दोषी ठरतो. ‘दहा मिनिटांत पोहोच’ म्हणणाऱ्यांना हे कलम दाखवण्यासारखे आहे.

गलाईच्या धंद्यासाठी विटा-आटपाडीकडून आलेली कुटुंबे असोत की पुण्याहून बदली झालेले आयटीवाले, अनेकांच्या गाड्या एमएच १० किंवा एमएच १२ च्याच असतात. अशा गाडीचे चलान महाराष्ट्रात नोंदलेल्या मोबाईल क्रमांकावर आणि पत्त्यावर जाते, म्हणजे बहुधा गावी. गाडीची नोंद आणि परवान्याची नोंद वेगवेगळ्या असतात, तेव्हा दोन्हीकडे सध्याचा मोबाईल क्रमांक आणि पत्ता टाकून घ्या. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हेही यानिमित्ताने.

चेन्नईच्या आरटीओत इंग्रजी चालते, तरी दोन शब्द जवळ असलेले बरे. कार्यालय म्हणजे ‘वट्टार पोक्कुवरत्तु अलुवलगम्’ आणि वाहन परवाना म्हणजे ‘ओट्टुनर उरिमम्’. तमिळमधली नोटीस समजली नाही तर तिच्यावर सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

चलानाच्या नावाने खोटे मेसेजही येतात. त्यात लिंक असते किंवा एपीके फाईल उतरवायला सांगितलेले असते, आणि ती उघडली की बँक खाते रिकामे होते. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. केंद्राच्या परिवहन विभागाचे ई-चलान संकेतस्थळ स्वतः उघडा आणि गाडीचा क्रमांक टाकून पाहा. तिथे चलान दिसले तर ते खरे. फोटो उतरवून ठेवा, मुदतीची तारीख लिहून ठेवा, आणि मग ठरवा.